‘बाबा, तो मुलगा मी नाहीये’

पत्र एका वडिलांचं आहे, वय ४५. अकरा महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. चार महिन्यांचं आजारपण झालं आणि मग सगळं संपलं. मुलगा १४ वर्षांचा, एकुलता एक. आता घरात दोघंच. ते लिहितात की मुलगा तेव्हाही फारसा रडला नाही आणि नंतर तर अजिबातच नाही. शाळेत जातो, मित्रांबरोबर हसतो, घरी आला की खोलीत जातो आणि आईचा विषय निघाला की उठून जातो. मध्यंतरी एका मित्राने त्यांना एक कादंबरी दिली. तिच्यातही आई जाते, बाप आणि मुलगा अर्धं पुस्तक एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि शेवटी एका रात्री गच्चीवर दोघं गळ्यात पडून रडतात. ह्यांनी ती दोन रात्रींत संपवली, बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि मग महत्त्वाच्या वाक्यांखाली पेन्सिलने रेघा मारून मुलाला वाचायला दिली. तीन आठवड्यांनी पुस्तक त्यांच्या टेबलावर परत आलं, पान ६२ चा कोपरा दुमडलेला. मुलगा एवढंच म्हणाला, “बाबा, तो मुलगा मी नाहीये.” जवळचे लोक म्हणतात की दुःखाचे पाच टप्पे असतात आणि हा पहिल्यातच अडकलाय. ताई, त्याला दुःख झालंच नाही का, पुस्तक पुन्हा द्यावं का, की सरळ काउन्सेलरकडे न्यावं, असं ते विचारतात. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहितात की आईचा फोन मुलाने अजून चालू ठेवलाय, रोज रात्री चार्जिंगला लावतो, तिचा सकाळी ५:४० चा अलार्म रोज वाजतो, ह्यांना तो ऐकवत नाही आणि ह्या महिन्यात नंबर बंद करून टाकायचा विचार आहे.

दादा,

आधी मीच एक विचारते. त्या रात्री नळ सोडलात तो कोणासाठी?

उत्तर तुम्हाला माहितीये. पलीकडच्या खोलीत तो होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. पण घरात दोनच माणसं असताना रात्री दीड वाजता बाथरूमचा नळ वीस मिनिटं वाहत राहिला तर चौदा वर्षांच्या मुलाला काय कळायचं ते कळतंच. त्याला हेही कळतं की आपल्या घरात रडायचं ते दार लावून, पाण्याच्या आवाजाखाली. मी तुम्हाला दोष देत नाहीये, तुम्ही त्याला सांभाळायला म्हणूनच ते केलंत. फक्त तुम्ही जसं त्याच्यापासून लपवता तसंच तोही तुमच्यापासून लपवत असेल, एवढी शक्यता मनात धरा, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच नाहीये. त्याचे डोळे कोरडे म्हणजे तो आतूनही कोरडा, हे तुम्ही धरूनच चाललाय.

मी सोळा वर्षांची असताना माझा मोठा भाऊ गेला. वडिलांसमोर मी जवळजवळ वर्षभर रडले नाही, कारण मला पक्कं वाटायचं की मी रडले तर हे कोसळतील आणि मग घरात उभं कोण राहणार. ते बघायचे आणि त्यांना वाटायचं, चला, पोरगी सावरली. आम्ही हे एकमेकांना सांगितलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी उत्तर पुढच्या महिन्यावर ढकललं नाही, लगेच लिहायला बसले.

आता ते पाच टप्पे. नाकारणं, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार, हे सगळ्यांना पाठ असतं आणि कोणी गेलं की भेटायला येणारं कोणी ना कोणी ते ऐकवतंच. हे टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मांडले, पण त्या बोलल्या होत्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी. मागे राहिलेल्या माणसांना ते टप्पे नंतर चिकटवले गेले. पुढे कितीतरी अभ्यासकांनी सांगितलं की दुःख असं जिना चढल्यासारखं पायरी पायरीने जात नाही, आणि मुलांचं तर नाहीच. त्यामुळे ‘पहिल्या टप्प्यात अडकलाय’ हे वाक्य तुम्ही डोक्यातून काढून टाका, ते बोलणारा माणूस कितीही जवळचा असला तरी.

मला जास्त पटतं ते १९९९ साली स्ट्रोब आणि शूट ह्या दोन अभ्यासकांनी मांडलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये सारखा ये-जा करतो, कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत असतो, कधी पुढच्या रोजच्या जगण्यात, शाळा, काम, मित्र, नवीन सवयी. आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत आहे. मोठी माणसं एका बाजूला बराच वेळ थांबतात. मुलं मात्र डबक्यात उडी मारावी तशी दुःखात उतरतात, पाय भिजले की बाहेर, पुन्हा खेळायला, थोड्या वेळाने पुन्हा आत. आपण बाहेर उभे असतो आणि नेमकं तो बाहेर असतानाच आपल्याला दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं हा भिजलाच नाही. तुमचा मुलगा मित्रांबरोबर हसतो हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. अकरा महिन्यांत तो एकदाही हसला नसता तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता त्या कादंबरीबद्दल.

तुम्हाला ती एवढी लागली ह्याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. तुम्ही लिहिता की ‘मुलाच्या मनातलं वाचताना वाटलं हे माझ्याच घरातलं आहे.’ इथे जरा थांबा. कादंबरीत लेखक आपल्याला मुलाच्या डोक्यात नेऊन बसवतो, तो जिन्यात बसून काय विचार करतोय हे वाचकाला कळतं, पण पुस्तकातल्या बापाला कुठे कळतं? तो बिचारा तुमच्यासारखाच बंद दाराबाहेर उभा आहे. तुम्ही दोन रात्री वाचक होतात म्हणून तुम्हाला दाराच्या आतलं दिसलं, आणि पुस्तक मिटल्यावर तुम्ही पुन्हा बाप झालात, दाराबाहेर. मला वाटतं तुम्ही नळ सोडून रडलात ते बरंचसं ह्याच्यासाठी. आपल्या मुलाच्या मनातलं कुणीतरी असं लिहून हातात द्यावं, ही कुठल्याही बापाची तळमळ आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त ते मन त्या कागदावरच्या मुलाचं आहे. आणि तो गच्चीवरचा प्रसंग पुस्तकाला लागतो म्हणून आहे. दोन-अडीचशे पानं दोन माणसांना गप्प ठेवलं की लेखकाला त्यांना कुठेतरी बोलतं करावंच लागतं, नाहीतर वाचक पुस्तक मिटवून समाधानाने झोपणार कसा. आपल्या घरात अशी शेवटची रात्र येत नाही. आली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शाळेची घाई असते आणि तोच मुलगा पुन्हा तुसडेपणाने बोलतो. तुम्ही नकळत गच्चीवरच्या त्या रात्रीची वाट बघत बसलाय आणि ती आली नाही की मुलात काहीतरी कमी आहे असं धरताय. मी कादंबऱ्या मनापासून वाचणारी बाई आहे, मला त्यांनी फार दिलंय, तरी सांगते की कादंबरी पट्टीसारखी पोराच्या शेजारी धरून मोजायची नसते.

पुस्तकाने मन हलकं होतं ही कल्पना जुनीच, १९१६ साली एका अमेरिकन निबंधकाराने तिला बिब्लिओथेरपी हे नावही दिलं, आणि आज काही काउन्सेलर खरंच विचार करून पुस्तकं सुचवतात. पण त्यात वाचणाऱ्याला नको म्हणायची मुभा असते, मध्येच सोडायची असते, आणि वाचून झाल्यावर बोलायला कोणीतरी असतं. तुमच्या मुलाला काय मिळालं? रेघा मारलेलं पुस्तक. तुम्ही प्रेमाने मारल्या असणार, मला शंका नाही. पण त्याच्या बाजूने बघा, प्रत्येक रेघ त्याला सांगत होती की बघ, असं वाटायला पाहिजे तुला, असं रडायला पाहिजे, असं बापाजवळ यायला पाहिजे. अभ्यासाच्या पुस्तकात आपण ‘परीक्षेला येणार’ म्हणून जशा रेघा मारतो ना, तसंच. आणि ह्या परीक्षेत आपण नापास होतोय असं त्याला वाटलं असेल तर?

तरीही त्याने बासष्ट पानं वाचली. चौदा वर्षांच्या मुलाने, मोबाईल हाताशी असताना, जे त्याला सगळ्यात जास्त दुखतंय त्याच्याबद्दलची बासष्ट पानं वाचली आणि मग ते पुस्तक कपाटामागे टाकून न देता तुमच्या टेबलावर आणून ठेवलं आणि तुम्हाला कारणही सांगितलं. ‘तो मुलगा मी नाहीये.’ तुम्हाला हे तोंडावर दार आपटल्यासारखं लागलं. मला तर हे अकरा महिन्यांतलं त्याचं सगळ्यात उघड बोलणं वाटतंय. तो म्हणतोय की माझं वेगळं आहे. काय वेगळं ते त्याला सांगता आलं नाही, किंवा कोणी विचारलं नाही.

तर विचारा. पण ‘मग तुला काय वाटतं सांग ना’ असं समोर बसवून नको, एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे मीसुद्धा गप्प बसेन. पुस्तकाबद्दल विचारा. त्या मुलाचं तुला काय पटलं नाही? लेखकाने कुठे खोटं लिहिलंय असं वाटलं? मुलांना पुस्तकातली चूक काढायला आवडतं आणि चूक काढताना ती स्वतःबद्दल खूप काही सांगून जातात. तो म्हणाला की ‘तो मुलगा फार रडतो’ तर तिथे ‘अरे पण रडणं चांगलं असतं’ असं म्हणायला जाऊ नका, नुसतं ‘हं’ म्हणा. आणि हे सगळं गाडीत, चालताना, सायकलची चेन बसवताना, भांडी घासताना, जिथे दोघांची नजर समोर कशावर तरी असेल तिथे. डोळ्यात डोळे घालून बोलायला लावलं की ह्या वयातली मुलं हमखास मिटतात. शेजारी शेजारी असलं की अर्ध्या तासाने एखादं वाक्य येतं. नाही आलं तर नाही, तो अर्धा तास वाया गेलेला नसतो.

रेघांचं काय करायचं? मला आधी वाटलं तुम्हाला रबर घ्या म्हणून सांगावं. मग वाटलं, नको. त्या तशाच राहू द्या आणि जिथे जिथे खरंच गलबलून आलं होतं तिथे समासात बारीक अक्षरात तसं लिहा. ‘इथे मी रडलो.’ ‘इथे हॉस्पिटलमधला तो रविवार आठवला.’ ‘हे मला पटलं नाही, तुझी आई असं कधीच बोलली नसती.’ म्हणजे ती रेघ त्याने काय करावं ह्याची राहणार नाही, तुमची होईल. मग पुस्तक बाहेरच्या खोलीत कुठेतरी ठेवून द्या आणि त्याला काही बोलू नका, आठवण करू नका, कोपऱ्यातून बघू नका. त्याने पान ६२ चा कोपरा दुमडलाय. पुन्हा हात लावायचाच नाही असं ठरवणारं माणूस सहसा कोपरा दुमडत नाही. पण समजा पुन्हा नाहीच उघडलं, तरी ते चालेल असं मनाशी आधीच ठरवून टाका.

आणि आता तो फोन. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही शेवटच्या चार ओळींत तक्रार म्हणून लिहिलीये.

अहो, तो रोज रात्री आईचा फोन चार्जिंगला लावतो. रोज. अकरा महिने. वायर शोधणं, फोन उचलणं, स्क्रीन उजळली की त्यावरचा फोटो दिसणं, टक्के बघणं, ठेवून देणं. तुम्ही विचारता त्याला दुःख झालंय का, आणि तो तर रोज रात्री ठराविक वेळेला ते हातात घेतोय. त्याचं रडणं तुम्ही शोधताय आणि ते वायरीला लावलेलं तुमच्या डोळ्यासमोर आहे. सगळ्यांचं दुःख शब्दांतून किंवा डोळ्यांतून बाहेर येत नाही, काहींचं हातांतून येतं, काहीतरी करत राहण्यातून, जपण्यातून, दुरुस्त करण्यातून. आधी असं मानायचे की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं की मग माणूस सावरतो. १९९६ च्या सुमारास क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन ह्या अभ्यासकांनी ह्या समजुतीलाच हात घातला आणि दाखवलं की बहुतेक लोक नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रूपात चालू ठेवतात. मुलंसुद्धा मनात आईशी बोलतात, तिची वस्तू जवळ ठेवतात, तिला काय वाटलं असतं ते ठरवत मोठी होतात, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

म्हणून नंबर बंद करू नका. निदान त्याला विचारल्याशिवाय, आणि ‘बंद करतोय हं’ असं सांगणं म्हणजे विचारणं नव्हे. पण इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे आणि ती फार घरांमध्ये उशिरा लक्षात येते, म्हणून सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. प्रीपेड नंबर बराच काळ रिचार्ज झाला नाही तर कंपनी तो काढून घेते आणि नंतर दुसऱ्याला देऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंटही साधारण १२० दिवस वापरात नसलं तर डिलीट होतं. गेलेल्या माणसाचा आवाज कित्येकदा फक्त त्या व्हॉइस मेसेजमध्येच उरलेला असतो. ‘येताना लवकर ये रे’ एवढाच सात सेकंदांचा, पण तोच. तेव्हा मुलाला म्हणा की आईचे मेसेज आणि फोटो दोन ठिकाणी कॉपी करून ठेवायचेत, मला ते नीट जमत नाही, तू करशील का. हे काम त्याच्याकडे द्या, तुम्हाला जमत असलं तरी. शेजारी बसा. मध्येच एखादा मेसेज वाजेल. तेव्हा तुम्हाला रडू आलं तर ह्या वेळी नळाकडे जाऊ नका.

रडताना त्याला एक मात्र जरूर सांगा, ह्याच शब्दांत नाही तर तुमच्या शब्दांत, की मला तिची आठवण आली म्हणून रडतोय, थोड्या वेळाने बरं वाटेल, तुला काही करायचं नाहीये. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण बापाचे अश्रू बघून मुलगा लगेच बापाचा बाप व्हायला धावतो आणि ते ओझं त्याच्यावर यायला नको. तुमचं मन मोकळं करायला तुम्हाला मोठं माणूस हवं, भाऊ, बहीण, मित्र. ज्याने पुस्तक दिलं त्यालाच का नाही सांगत? त्याने पुस्तक दिलं म्हणजे त्याला तुमच्याशी बोलायचंय, पण कसं ते कळत नाहीये, बरेच पुरुष असंच करतात. तुम्हीही मुलाशी तेच केलंत.

काउन्सेलरबद्दल. नेऊच नका असं मी म्हणत नाही, फक्त ‘रडत नाही’ हे न्यायचं कारण नाही. काय बघायचं ते सांगते. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली आहे, शाळेत जाणंच बंद केलंय, जे मित्र आवडायचे तेही नकोसे झालेत, वजन झपाट्याने उतरतंय, नशा किंवा जीवावरचे धोके घेणं सुरू झालंय, आईच्या मरणाला मीच जबाबदार असं मनात घट्ट बसलंय, असं काही असेल तर वाट बघू नका. आणि ‘मलाही आईकडे जायचंय’ किंवा ‘जगून काय करू’ अशा अर्थाचं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि त्याला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही भीती लोकांना असते, पण तसं होत नाही, उलट सांगायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू आहे, आयसीडी-११, तिच्यात लांबलेल्या दुःखाचा आजार म्हणून वेगळी नोंद आहे. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किमान सहा महिने चालू राहिली, ती दुःख करणाऱ्याच्या समाजात नेहमी दिसते त्याच्या कितीतरी पलीकडे गेली आणि रोजचं जगणंच ठप्प झालं, तर तज्ज्ञ त्याचा विचार करतात. हे वाचताना तुम्ही मुलाकडे बघत असाल. जरा स्वतःकडेही बघा. तुमच्या पत्रात मुलाच्या झोपेबद्दल काही नाही, पण तुम्ही ते रात्री तीन वाजता लिहिताय असं तुम्हीच लिहिलंय. कदाचित आधी तुम्ही जायला हवं, आणि गेलात तर त्याला सांगून जा, लपवून नको. बाप मदत मागतो हे त्याने बघितलं तर उद्या त्याला मागणं सोपं जाईल.

अजून एक, कारण वर्ष भरत आलंय. तो दिवस कसा घालवायचा हे दोन-तीन आठवडे आधी त्याला विचारा, आणि त्याने ‘नेहमीसारखा, शाळेत जाणार’ म्हटलं तर जाऊ द्या. मुलांचं दुःख त्यांच्याबरोबर मोठं होतं, तो अठराचा होईल तेव्हा पुन्हा येईल, पहिली नोकरी लागेल तेव्हा येईल, स्वतः बाप होईल तेव्हा तर येईलच. आज सगळं बाहेर काढून संपवून टाकायचं असं काही नसतं, त्यामुळे तुम्हालाही एवढी घाई नको.

राहिला अलार्म. ५:४० ला वाजतो, तुम्हाला ऐकवत नाही, मान्य. पण तो वाजल्यावर मुलगा काय करतो हे तुम्ही लिहिलंच नाहीये. बंद करून पुन्हा झोपतो, की उठून बसतो, की थोडा वेळ वाजू देतो? ती पूर्वी त्या वेळेला उठून काय करायची? एखाद्या सकाळी तुम्हीही उठा आणि त्याच्या दारात नुसते उभे राहा, दार उघडं असेल तर. ‘मलाही जाग आली’ एवढंच म्हणा. आवाज कमी करता येईल का ते नंतर कधीतरी दोघं मिळून ठरवा.

आणि त्या नंबरचं रिचार्ज कधी संपतंय ते आजच बघून घ्या.